आठ जणांची इमॅजिका: ग्रुपने थीम पार्कला जायचं तर

आमचा पहिला बेत साफ फसला होता. पहाटे साडेपाचला घर सोडलं, रात्री दहाला परत आलो आणि एवढ्या वेळात राइड केल्या पाच. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं की रांगेत आम्ही जेमतेम अडीच तास उभे होतो. बाकीचा दिवस "ती कुठे गेली?", "याचं झालं का?", "आता काय करायचं?" आणि "मी नाही बसणार, तुम्ही जा" यात गेला. आठ माणसं एका जागेवरून दुसरीकडे न्यायची म्हणजे लग्नाचं वऱ्हाड हलवण्यासारखंच.

तेव्हापासून ग्रुपचं सगळं ठरवणं माझ्या गळ्यात पडलं. इतक्या वर्षांत कळलं ते एवढंच: राइडचा क्रम इंटरनेटवर कुठेही मिळतो, अडतं ते माणसांचा क्रम लावताना. खाली लिहितोय ते खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकासाठी आहे. मुंबई, ठाणे, पुणे आणि नाशिककडच्या ग्रुपचा बेत बहुतेक तिथलाच असतो आणि मलाही तेच पार्क नीट माहीत आहे. बऱ्याचशा गोष्टी दुसऱ्या कुठल्याही पार्कला लागू पडतील.

आधी माणसं मोजा

चार किंवा आठ. यामागे शास्त्र नाही, बसायच्या जागांचा हिशेब आहे. पार्कमधल्या बहुतेक राइडमध्ये दोन-दोन किंवा चार-चार जण शेजारी बसतात. तिघं गेलात तर प्रत्येक वेळी एक जण अनोळखी माणसाशेजारी जातो. सात गेलात तर तेच, वर निर्णयाला उशीर. विषम संख्या टळत नसेल तर एकटं बसायची पाळी आधीच लावून घ्या. एक फायदाही आहे: डब्यात एकच जागा उरली की कर्मचारी "सिंगल कोणी आहे का?" म्हणून हाक मारतात आणि हात वर करणारा बाकीच्यांच्या आधी बसून येतो.

आठच्या वर गेलात तर सरळ दोन गट करा आणि प्रत्येकाला एक म्होरक्या द्या. बारा जणांनी दिवसभर एकत्र राहायचं ठरवलं की कोणाच्याच मनासारखं होत नाही.

नावं पक्की करण्याआधी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा. मोठ्या रोलरकोस्टरवर बसणार का? आणि पाठ, मान, हृदय, रक्तदाब, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण असं काही आहे का? दुसरा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, एकेकाला फोन करा. स्लिप डिस्कची गोष्ट कोणी आठ जणांसमोर सांगत नाही, मग राइडच्या दारात उभं राहून "डोकं दुखतंय" अशी सबब सांगतो. आधी कळलं तर दिवस त्याच्या सोयीने आखता येतो.

आणखी एक नाजूक बाब अंगयष्टीची. खांद्यावरून खाली येणारा लोखंडी हार्नेस ठरावीक खाचेपर्यंत बसलाच पाहिजे, नाहीतर गाडी सुटत नाही. भरदार छातीचा किंवा खूप उंच मित्र बरोबर असेल तर रांगेत शिरण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्याला हळूच विचारून घ्या. बाहेर नमुन्याची खुर्ची ठेवलेली असेल तर आधी तिथे बसून बघता येतं. पाऊण तास रांगेत उभं राहून सगळ्यांसमोर उतरावं लागणं फार वाईट. आणि तसं झालंच तर त्यावर विनोद करू नका, दिवसभर तर मुळीच नाही.

तारीख

मंगळवार, बुधवार, गुरुवार. नोकरी करणाऱ्या आठ जणांना एकाच बुधवारी रजा मिळवणं अवघड असतं, मान्य आहे. पण रविवारी जाऊन जेवढ्या राइड होतात त्याच्या जवळजवळ दुप्पट मधल्या वारी होतात, त्यामुळे एक रजा खर्च करणं परवडतं. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष आणि सलग सुट्ट्यांचे शनिवार-रविवार टाळा. डिसेंबर-जानेवारीत शाळा-कॉलेजच्या सहलींच्या बसही येतात. युनिफॉर्ममधली दोनशे मुलं तुमच्या पुढच्या रांगेत दिसली की समजा, आता ती राइड संध्याकाळी.

हवेचं बघाल तर मे महिन्यात खालापूर भाग पार भाजून निघतो, आणि घाटाखाली असल्याने घामही भरपूर. जून उजाडला की शाळा सुरू होतात, गर्दी ओसरते आणि पाऊस येतो. पावसाळ्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय, कारण माझ्या मते ग्रुपने जायचा सगळ्यात मजेचा काळ तोच, फक्त थोडी हिंमत लागते.

तिकीट आणि पैसे: मैत्री टिकवायचं कलम

तिकीट तारखेचं असतं आणि ऑनलाइन आधी काढलं तर बहुतेक वेळा स्वस्त पडतं. दर दिवसागणिक बदलतात, म्हणून आकडे देत नाही, पार्कच्या स्वतःच्या साइटवर बघा. विद्यार्थ्यांसाठी सवलत असेल तर कॉलेजचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो गेटवर चालेलच असं नाही. तिकीट रद्द होतं का आणि तारीख बदलून मिळते का, या दोन ओळी पैसे भरायच्या आधी वाचा.

आमच्याकडे नियम आहे: पैसे आले की नाव आलं. "मी येतोय रे, नक्की" याला किंमत शून्य. एक तारीख सांगायची, त्या रात्री बारापर्यंत ज्याचे पैसे जमा झाले त्याचंच तिकीट काढायचं. आयत्या वेळी टांग देणाऱ्याचे पैसे परत मिळत नाहीत हेही तेव्हाच सांगून टाकायचं. दोन वर्षं लोक माझ्यावर चिडले, आता सवय झाली आहे.

खर्चाचे तीन भाग करा. तिकीट प्रत्येकाचं स्वतःचं. गाडी, टोल, पेट्रोल आणि पार्किंग सगळ्यांत समान. खाणं ज्याचं त्याने. तिसरा भाग समान वाटायला गेलात की भांडण ठरलेलं, कारण एक जण फक्त लिंबू सरबतावर असतो आणि दुसरा दोन पिझ्झे मागवतो. पार्कमधलं खाणंपिणं बाहेरच्यापेक्षा महाग पडतं. ग्रुपमध्ये कोणाचा हात तंगीत असेल, आणि एक तरी असतोच, तर त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून दिवसाचा एकूण खर्च साधारण किती येईल तो आकडा सगळ्यांना आधीच कळवा. मग ज्याला नाही जमत तो आधीच "त्या दिवशी काम आहे" म्हणतो आणि त्याची लाजही राखली जाते.

रांग टाळणारा जलद पास घ्यावा का? मधल्या वारी अजिबात नाही. सुट्टीच्या दिवशी जावंच लागलं तर घ्या, पण घेतला तर आठही जणांनी. चौघांकडे आहे आणि चौघांकडे नाही, अशाने एका दिवसात दोन ग्रुप होतात.

जायचं कसं

मुंबईहून येणाऱ्यांना घाट चढावा लागत नाही. एक्स्प्रेस-वेने येऊन खोपोलीजवळ उतरायचं आणि पालीच्या रस्त्याला लागायचं. पण शनिवारी सकाळी अर्धी मुंबई लोणावळ्याला निघालेली असते, बोरघाटात गाड्या तुंबतात आणि त्या कोंडीची शेपटी कधीकधी खालापूरपर्यंत येते. म्हणून ठाण्याहून साडेसहाला निघा, साडेआठला नाही. पुणेकरांचं उलटं: सकाळी घाट उतरताना त्रास कमी, पण रात्री थकलेल्या डोळ्यांनी तोच घाट चढायचा असतो.

बाइकवाल्यांनी लक्षात ठेवा, एक्स्प्रेस-वेवर दुचाकीला बंदी आहे. मुंबईकडून पनवेल-चौकमार्गे जुन्या हायवेने खोपोलीला यावं लागतं. आणि दिवसभर राइड करून रात्री बाइकवर परत जाऊ नका. हे मी स्वतः एकदा केलं आहे, खारघरच्या आसपासचा रस्ता मला आठवतच नाही.

रेल्वेने यायचं तर मध्य रेल्वेच्या कर्जत-खोपोली फाट्यावर लोकल आहे. ठाण्या-कल्याणकडून येणाऱ्यांना हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पुण्याच्या गाड्या खोपोलीला जात नाहीत, त्यांनी कर्जतला उतरून खोपोली लोकल पकडावी. या फाट्यावर गाड्या मोजक्याच आहेत, एक चुकली की बराच वेळ बसावं लागतं, म्हणून जातानाचं आणि येतानाचं वेळापत्रक दोन्ही आधी लिहून घ्या. खोपोली स्टेशनपासून पार्क पायी जाण्याजोगं नाही, रिक्षा करावी लागते. सकाळी सोडणाऱ्या रिक्षावाल्याचाच नंबर घ्या आणि परतीची वेळ ठरवून टाका. रात्री त्या रस्त्यावर रिक्षा शोधत उभं राहणं वैतागाचं काम आहे.

गाडी भाड्याने घेणार असाल तर एक अनुभव सांगतो. एकदा आम्ही केलेली टेम्पो ट्रॅव्हलर ठरल्या वेळेपेक्षा दीड तास उशिरा आली, कारण चालकाची आदल्या रात्रीची खेप लांबली होती. आता मी बुकिंग करतानाच विचारतो, "आदल्या दिवशी ही गाडी आणि हाच ड्रायव्हर कुठे आहे?"

जाता जाता एक. महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर जवळ आहेत, त्यामुळे घरून हमखास सूचना येते, "एवढे जाताच आहात तर दर्शन घेऊन या." देवाला नमस्कार, पण त्याच दिवशी नको. सकाळच्या पहिल्या दोन तासांची किंमत दुपारच्या चार तासांएवढी असते. मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी निवांत जा.

अंगावर काय, खिशात काय

मागे पट्टा असलेले सँडल किंवा लेसचे बूट घाला. पार्कातली सर्वांत मोठी राइड नायट्रो, तिला पायाखाली फरशीच नाही. पाय लोंबकळत ठेवून बसायचं असतं, स्लिपर आणि सैल बूट तिथे टिकत नाहीत. जीन्स टाळा. एकदा पाण्याच्या राइडमध्ये भिजली की दिवसभर वाळत नाही, मांड्या सोलवटतात आणि चार वाजता माणूस बदकासारखा चालू लागतो. ट्रॅकपँट किंवा पटकन वाळणारी अर्धी पँट सर्वांत बरी.

लांब केस घट्ट बांधा, ओढणी घरी ठेवा, लोंबणारी कानातली आणि गळ्यातलं काढून ठेवा. चष्म्याला मागून बांधायची दोरी चष्म्याच्या दुकानात मिळते, ती घ्या, नाहीतर नायट्रोवर चष्मा काढावा लागतो आणि ज्यासाठी आलात ते दृश्य दिसतच नाही.

आठ जणांत मिळून बॅगा दोनच. एकीत पॉवर बँक, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, चिकटपट्ट्या, टिश्यू आणि टाल्कम पावडर. दुसरीत प्रत्येकाचा एक कोरडा टीशर्ट आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. बाहेरचं खाणं गेटवर अडवतात, म्हणून थेपल्यांचा डबा घेऊन हुज्जत घालू नका, तो गाडीत राहू द्या, परतताना सोन्याचा वाटेल. लॉकर घेतलात तर जो आधी सापडेल तो न घेता तुमच्या वाटेवरचा बघून घ्या.

नाश्ता गेटच्या दीड तास आधी आणि पोटभर, पण मिसळ नको. पोहे, इडली, उपमा, केळं. रिकाम्या पोटी राइड केल्या तर मळमळ कमी होते असा गैरसमज आहे, उलट वाढते. आणि वडापाव खावासा वाटणारच, म्हणून एक. दोन नाही.

गेट उघडलं, आता?

नव्याण्णव टक्के लोक आत शिरून पहिल्या दिसणाऱ्या राइडकडे वळतात. तुम्ही फोटो न काढता सरळ मागच्या टोकाकडे चालत जा. फोटो संध्याकाळी काढा, उजेडही चांगला असतो.

इथे रांगेचं गणित शिकून घ्या, दिवसभर उपयोगी पडतं. लांब रांग म्हणजे जास्त वेळ असं नसतं. राइडच्या एका फेरीत किती माणसं बसतात ते मोजा. एक फेरी सुटल्यापासून पुढची सुटेपर्यंत किती मिनिटं जातात ते घड्याळात बघा. समजा एका फेरीत २४ जण आणि दोन सुटण्यांत ३ मिनिटं. तुमच्या पुढे १६० माणसं असतील तर साधारण सात फेऱ्या, म्हणजे वीस-एकवीस मिनिटं. तेच एखाद्या उंच मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या राइडमध्ये एका वेळी १२ जण आणि फेरीला ४ मिनिटं लागत असतील, तर ६० माणसांच्या आखूड रांगेलाही तेवढाच वेळ. म्हणून सकाळी आधी कमी माणसं बसवणाऱ्या राइड उरकायच्या. त्यांच्या रांगा दुपारी हलत नाहीत. मोठ्या रोलरकोस्टरची रांग भीतीदायक दिसते, पण भराभर सरकते, विशेषतः रुळावर दोन गाड्या फिरत असतील तर. एकच गाडी फिरत असेल तर थांबा, दुसरी जोडली की या.

नायट्रोबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ग्रुप मुळात तिच्यासाठीच येतो. पार्क २०१३ मध्ये सुरू झालं तेव्हापासूनचं हे धूड. बनवलंय स्वित्झर्लंडच्या बॉलिजर अँड माबियार या कंपनीने. उंची साधारण ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास, आणि पाच वेळा माणूस उलटा होतो. कुठे बसायचं यावर आमच्यात दरवेळी वाद होतो, पण त्याला पदार्थविज्ञानाचं उत्तर आहे. पुढचा डबा माथ्यावरून खाली वाकतो तेव्हा मागचे डबे अजून चढावरच असतात, त्यामुळे पुढचा क्षणभर लटकतो आणि समोर फक्त मोकळी हवा दिसते. मागचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढच्या डब्यांनी वेग घेतलेला असतो, मग मागच्याला अक्षरशः हिसडा बसतो आणि बूड खुर्चीवरून उचललं जातं. दृश्य हवं तर पुढे, हिसडा हवा तर शेवटच्या ओळीत. पहिल्यांदा बसणाऱ्याला मधे बसवा. पुढच्या ओळीसाठी वेगळी रांग असेल आणि ती फार लांब नसेल तर एकदा थांबायला हरकत नाही.

डीप स्पेस ही अंधारातली राइड. ती हळूहळू चढत नाही, एकदम सुटते. स्क्रीम मशीन म्हणजे फिरत झुलणारा मोठा लंबक. सलीमगढ भुताचा वाडा आहे, तिथे सगळ्यात मोठ्या गप्पा मारणारा सगळ्यात आधी ओरडतो. राजासॉरस ही भिजवणारी बोट. जाता जाता सांगतो, ते नाव कोणाच्या कल्पनेतलं नाही. राजासॉरस नर्मदेन्सिस हा खरा मांसाहारी डायनासोर. त्याचे जीवाश्म गुजरातच्या खेडा भागात राहिओलीजवळ सापडले आणि २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं. रांगेत उभं असताना ही माहिती सोडलीत की पाच मिनिटं भाव खाता येतो.

राइड दुरुस्तीसाठी बंद असतात, नावं आणि वेळा बदलतात, म्हणून गेटपाशी आज काय बंद आहे तो फलक वाचल्याशिवाय क्रम लावू नका.

जो नाही म्हणतो, आणि ज्याला मळमळतं

आमच्या ग्रुपचा एकच लेखी नियम आहे: "नाही" म्हटलं की एकदाच विचारायचं, दुसऱ्यांदा नाही. "चल रे, काय होतंय, बाईमाणूस आहेस का" असली भाषा बंद. मुली आमच्यात जास्त धीट आहेत, हा भाग वेगळा. ढकलून नेलेला माणूस वर जाऊन घाबरला तर तिथे उतरता येत नाही आणि पुढचे चार तास तो कशातच मन घालत नाही. उलट, ज्याला मनातून करायचं आहे पण धीर होत नाही, त्याला पायऱ्या चढवा: आधी खाणीतल्या गाडीसारखी गोल्ड रश एक्स्प्रेस, मग एखादी झुलणारी, मग खाली उभं राहून नायट्रोच्या तीन फेऱ्या नुसत्या बघायच्या. लोक हसत उतरताना दिसले की निम्मी भीती तिथेच जाते.

बसल्यावर डोकं मागच्या गादीला टेकवून ठेवा, मानेला झटके बसत नाहीत. उतार सुरू होताना श्वास रोखू नका, ओरडा. ओरडल्याने श्वास आपोआप सुटतो.

मळमळीचं कारण कानात असतं. तोल सांभाळणारी आतल्या कानातली यंत्रणा एक सांगते आणि डोळे दुसरंच सांगतात, मग पोट बंड करतं. म्हणून एसटीत घाट लागणारा माणूस नायट्रोवर ठणठणीत राहू शकतो, कारण तिथे डोळ्यांना आणि कानाला एकच हालचाल कळते. तोच माणूस पडद्यासमोर खुर्ची हलवणाऱ्या राइडमध्ये गार पडतो. पडद्याच्या राइडमध्ये त्रास झाला तर डोळे मिटा, लगेच बरं वाटतं. रोलरकोस्टरवर उलट, डोळे उघडे ठेवा आणि पुढचं वळण बघा. गोल फिरणाऱ्या राइड सगळ्यांत वाईट, त्या लागोपाठ दोन करू नका. गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी घेणार असाल तर ती आधी घ्यावी लागते, उलटी झाल्यावर नाही. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये. इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. आल्याची वडी खिशात ठेवा, निदान तोंडाला चव राहते.

राइड न करणाऱ्याला कायमचा सामानदार करू नका. आम्ही पाळी लावतो, मोठ्या राइड करणारेही एखाद्या राइडला बाहेर थांबतात. नाहीतर एका मैत्रिणीने पूर्ण तिकीट काढून दिवसभर आठ मोबाइल सांभाळले, असं आमच्याकडे घडलेलं आहे. तिने पुढच्या वर्षी यायला नकार दिला, बरोबरच केलं.

दुपार

सगळं पार्क एक ते अडीच जेवतं. तुम्ही बाराला किंवा पावणेतीनला जेवा. मधल्या उन्हात घराच्या आतल्या राइड करा: सलीमगढ, डीप स्पेस, पडद्यावर भारतावरून उडवत नेणारी आय फॉर इंडिया आणि बसून बघायचे खेळ. जेवण झाल्यावर अर्धा-पाऊण तास उलटं करणारी एकही राइड नको.

याच वेळी ग्रुप फुटू द्या. सकाळभर चिकटून राहिलेल्यांना दोन तास वेगळं फिरायला मिळालं की संध्याकाळ चांगली जाते. भेटायची जागा आणि वेळ मात्र घड्याळाची हवी. "फोन कर" हा बेत नव्हे, चारपर्यंत अर्ध्यांची बॅटरी संपलेली असते. "साडेचार, झुल्याच्या डाव्या बाजूचा बाक, दहा मिनिटं वाट बघू आणि पुढे जाऊ." एवढं स्पष्ट सांगायचं.

पाण्याची राइड जेवणानंतर करा, म्हणजे वाळायला ऊन मिळतं. सकाळी करून दिवसभर ओलं फिरू नका.

पाऊस आला तर

ढग गडगडले की उंच, उघड्यावरच्या राइड थांबतात. अर्धी गर्दी जेवणघरात पळते, उरलेली वैतागून पार्किंगकडे. तुम्ही बंद झालेल्या राइडच्या जवळपास आडोशाला थांबा. पाऊस ओसरल्यावर रिकाम्या गाडीच्या एक-दोन फेऱ्या सोडून बघतात. रिकामी गाडी धावताना दिसली की रांगेत शिरा. अशा वेळी आम्ही एका पावसाळी गुरुवारी लागोपाठ चार वेळा बसलो होतो. शंभरच्या वेगात पावसाचे थेंब तोंडावर टाचण्यांसारखे टोचतात हे खरं, पण समोर हिरवे डोंगर आणि ढग उतरलेला घाट असतो. छत्री नको, रेनकोटही राइडवर फडफडतो. भिजायचंच आहे असं धरून चला.

वॉटर पार्क त्याच आवारात आहे, २०१४ पासून. तो वेगळा दिवस. दोन्ही एका दिवसात करायला गेलात तर कपडे बदलण्यातच दीड तास जातो. तिथे नायलॉनचा पोहण्याचा पोशाख लागतो, सुती कपड्यांना मज्जाव असतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. लाटांच्या तलावात पोहता न येणाऱ्याने कमरेएवढ्या पाण्यापलीकडे जायचं नाही आणि त्याच्या शेजारी पोहणारा एक जण हवा.

शेवटचा तास आणि परतीचा रस्ता

संध्याकाळी लोक परेड बघायला आणि फोटो काढायला जमतात. तेव्हा मोठ्या राइड ओस पडतात. परेड आधी कधी पाहिली नसेल तर बघा, पाहिली असेल तर तेवढ्यात नायट्रो पुन्हा करा, दिवे लागल्यावर ती वेगळीच वाटते. बंद व्हायच्या वेळेआधी रांगेत असलेल्यांना बहुतेक वेळा बसू देतात, पण शेवटचं मिनिट गाठायला जाऊ नका.

गाडी चालवणारा सकाळीच ठरलेला असावा. त्याने दुपारी अर्धा तास आडवं व्हायचं आणि शेवटची राइड सोडायची. निघताना पार्किंगमध्ये सगळ्या गाड्या एकदम हलतात, म्हणून वीस मिनिटं थांबून चहा प्या, तेच थेपले काढा. वाटेत पुढच्या सीटवर झोपणारा नको, बडबडणारा बसवा.

हिशेब गाडीतच मिटवा, खोपोली सुटायच्या आत, सगळ्यांच्या फोनमध्ये चार्जिंग आणि मनात गोडवा असतो तेव्हा. दुसऱ्या दिवशीवर ढकललेले तीनशे रुपये कोणाकडून तरी येतच नाहीत.

घरी पोचल्यावर बुटांतले तळवे काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. सकाळी बोळे बदला. उन्हात टाकलेत तर डिंक सुटतो.